एमजीबी, एक ‘खट्ट’ आणि चार वॉशर

सिग्नलचा दिवा हिरवा होतो. तुम्ही गिअर टाकता, क्लच सोडता आणि सीटच्या मागून, अगदी खालून, ‘खट्ट’ असा आवाज येतो. गाडी नीट चालायला लागते. पुढे वळणावर अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की पुन्हा ‘खट्ट’. पाय दाबला की पुन्हा तेच. जुन्या एमजीबीच्या मालकांना हा आवाज इतका ओळखीचा असतो की काहीजण त्याला गाडीचा स्वभावच समजून बसतात. पण तो स्वभाव नसतो. आत कुठेतरी झीज झालेली असते आणि ती नेमकी कुठे झाली आहे, हे शोधण्यातच अर्धं काम असतं.

एमजी हे नाव आपल्याकडे आता हेक्टर आणि इलेक्ट्रिक गाड्यांमुळे घरोघरी पोहोचलं आहे. गुजरातमधल्या हालोलला बनणाऱ्या त्या गाड्यांवरची ही दोन अक्षरं मुळात इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ची. त्या गॅरेजचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी मॉरिसच्या साध्या गाड्यांवर हलक्या, चपळ बॉडी चढवायला सुरुवात केली आणि त्यातून एमजी जन्माला आली. आपण ज्या गाडीबद्दल बोलतोय ती एमजीबी १९६२ मध्ये आली आणि ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९८० पर्यंत बनत राहिली. वर उघडं छत, समोर लांब बॉनेट, १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद. पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या आणि त्यातल्या पुष्कळशा अमेरिकेला गेल्या.

इतकी वर्षं झाली तरी त्या रस्त्यावर आहेत, याचं एक कारण म्हणजे त्यांचे भाग अजून मिळतात. १९८८ पासून तर ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने एमजीबीची अख्खी बॉडीही पुन्हा नव्याने बनवायला घेतली. म्हणजे डिफरन्शियलमधले चार वॉशर मिळणं ही काही अवघड गोष्ट नाही. अवघड आहे ते कुठे थांबायचं हे ठरवणं.

आधी हे डिफरन्शियल म्हणजे काय ते बघू

तुम्ही शाळेत कवायत केली असेल तर हे तुम्हाला लगेच कळेल. तीन-चार जणांची आडवी रांग वळते तेव्हा आतल्या बाजूचा मुलगा जवळपास जागच्या जागी पाय आपटत राहतो आणि बाहेरच्या टोकाचा मुलगा लांब लांब ढांगा टाकतो. दोघांनी सारखीच पावलं टाकली तर रांग मोडते. गाडीच्या मागच्या दोन चाकांचंही असंच असतं. एमजीबीच्या मागच्या दोन चाकांमध्ये सुमारे सव्वा मीटर अंतर आहे. गाडीने एक पूर्ण गोल चक्कर मारली तर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जवळजवळ पावणेआठ मीटर जास्त चालावं लागतं. चक्कर लहान असो की मोठी, हा फरक तेवढाच राहतो. पटत नसेल तर कागदावर दोन वर्तुळं काढून बघा.

बैलगाडीला ही अडचण कधीच आली नाही, कारण तिची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात. तिथे ओढणारे बैल पुढे असतात. मोटारीत मात्र चाकांनाच ढकलायचं असतं, आणि दोन्ही चाकांना ताकद देऊनही त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू द्यायचं असतं. हा पेच सोडवणारी गिअरची जुळणी म्हणजे डिफरन्शियल. रोजच्या तीन चाकी रिक्षातही ते असतं आणि नव्या इलेक्ट्रिक गाड्यांतही. इंजिन गेलं, गिअरबॉक्स जवळपास गेला, पण दोन चाकांना एकच मोटर फिरवत असेल तर डिफरन्शियल लागतंच.

एमजीबीमध्ये इंजिनाकडून येणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, मागच्या अॅक्सलच्या मधोमध असलेल्या गोळ्यात शिरतो. तिथे एक लहान गिअर असतो, त्याला पिनियन म्हणतात. तो एका मोठ्या ताटासारख्या गिअरला फिरवतो, तो क्राउन व्हील. ट्रकच्या गॅरेजात ‘क्राउन-पिनियन’ असा एकच शब्द करून बोलतात, ते हेच. एमजीबीत पिनियनला ११ दाते आणि क्राउन व्हीलला ४३. म्हणजे दांडा जवळपास चार वेळा फिरला की चाक एकदा फिरतं.

हे ११ आणि ४३ उगाच निवडलेले नाहीत. दोन्ही मूळ संख्या आहेत, त्यांना सामाईक भाजक नाही. त्यामुळे पिनियनचा एक दाता क्राउनच्या ४३ही दात्यांना भेटल्याशिवाय पहिल्या दात्याकडे परत येत नाही. सगळे दाते सगळ्यांशी सारखे घासले जातात आणि झीज समान होते. गणिताच्या तासाला ‘याचा उपयोग काय?’ असं विचारणारं कोणी घरात असेल तर त्याला हे वाचून दाखवा.

क्राउन व्हीलच्या पोटाशी एक पिंजरा असतो. पिंजऱ्यात आरपार एक जाड पिन, पिनेवर समोरासमोर दोन लहान गिअर, आणि त्या दोघांत अडकलेले, चाकांच्या दांड्यांना बसणारे दोन मोठे गिअर. सरळ रस्त्यावर हे चौघे एकमेकांच्या सापेक्ष हलतसुद्धा नाहीत, अख्खा पिंजराच फिरतो. वळण आलं की लहान गिअर पिनेभोवती हळूच फिरतात आणि दोन चाकांच्या वेगातला फरक सांभाळून घेतात.

या प्रत्येक गिअरच्या पाठीमागे, तो आणि पिंजऱ्याची भिंत यांच्यामध्ये, एकेक पातळ वॉशर असतो. लहान गिअरमागे तांब्याचा, किंचित बशीसारखा. मोठ्या गिअरमागे सपाट. गिअर ताकदीने मागे ढकलले जातात, त्याचा रेटा हा वॉशर झेलतो. गिअरऐवजी आपण झिजायचं, हेच त्याचं काम. चाळीस-पन्नास वर्षांत तो कागदासारखा पातळ होतो, कधी त्याचे तुकडे होऊन तळाच्या तेलात जातात. मग गिअर मागे-पुढे हलायला जागा होते, आणि तुम्ही क्लच सोडलात की ती जागा भरून निघताना लोखंड लोखंडावर आपटतं. हीच ती ‘खट्ट’.

पण दोष खरंच तिथेच आहे का?

इथे माझं ठाम मत सांगते. अॅक्सल उघडण्याआधी एक तास गाडीखाली झोपून काढा. कारण हाच आवाज आणखी तीन ठिकाणांहून येऊ शकतो, आणि त्या तिन्ही जागा अॅक्सल उघडण्यापेक्षा सोप्या आहेत.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये. प्रोपेलर शाफ्ट हाताने थोडा इकडे-तिकडे फिरवा आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या क्रॉस जॉइंटकडे बघा. जॉइंटची एक बाजू हलते आणि दुसरी क्षणभर उशिरा हलते, असं दिसलं तर क्रॉस गेला आहे. तो बदला, कदाचित तुमचं काम तिथेच संपेल.

दुसरी जागा चाकांची. एमजीबीला तारांची चाकं असतील, म्हणजे सायकलसारखे आरे असलेली, तर ती चाकं चार-पाच नटांनी बसवलेली नसतात. हबवर खाचा असतात, चाकाच्या आतही खाचा असतात, आणि मधोमध एकच मोठा नट असतो. या खाचांचे दाते झिजून धारदार झाले की चाक हबवर आपटतं. हँडब्रेक घट्ट ओढा, मागचं चाक उचला आणि ते पुढे-मागे हलवून बघा. ब्रेकचा ड्रम स्थिर राहून चाक हलत असेल तर दोष खाचांत आहे. हा दोष मात्र ‘नंतर बघू’ म्हणण्यासारखा नाही. खाचा पूर्ण गेल्या तर हब फिरेल आणि चाक फिरणार नाही, आणि ब्रेक लावताना उलटं होईल. ड्रम थांबेल, चाक चालत राहील.

तिसरी जागा मागचे पाटे. त्यांच्यावर अॅक्सल बसवणारे यू-बोल्ट ढिले झाले किंवा रबरी बुश संपले की अख्खा अॅक्सल किंचित गुंडाळल्यासारखा हलतो आणि आवाज करतो. पान्याने आवळून बघायला पाच मिनिटं लागतात.

आवाजाचा प्रकारही बरंच सांगतो. ताकद देताना आणि काढताना एकदाच येणारी ‘खट्ट’ ही बहुधा वॉशरची, क्रॉसची किंवा खाचांची. वेगाबरोबर चढणारी बारीक ‘ऊंऽऽ’, जी पाय दाबला की एका सुरात आणि काढला की दुसऱ्या सुरात येते, ती क्राउन-पिनियनच्या दात्यांची. सतत घरघर येत असेल तर बेअरिंग. फक्त अवघड वळणावर टकटक होत असेल तर पिंजऱ्यातले गिअर किंवा त्यांची पिन.

‘खट्ट’ स्वस्त आहे, ‘ऊंऽऽ’ महाग. हे एवढं लक्षात ठेवलंत तरी कोणताही मेकॅनिक तुम्हाला घाबरवू शकणार नाही.

कोणता अॅक्सल आहे?

एमजीबीला दोन प्रकारचे अॅक्सल आले. सुरुवातीच्या उघड्या गाड्यांना ‘बँजो’ अॅक्सल होता, मागून बघितलं तर गुळगुळीत गोल, झाकण नाही. त्याचं डिफरन्शियल पुढच्या बाजूने अख्खं बाहेर काढावं लागतं. १९६५ मध्ये आलेल्या बंद छताच्या जीटीला पहिल्यापासून, आणि उघड्या गाड्यांना १९६७ पासून, ‘ट्यूब’ अॅक्सल आला. त्याला मागे बोल्टने बसवलेलं पत्र्याचं झाकण असतं. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. तो जास्त मजबूत आहे आणि वॉशर बदलण्यासाठी त्याचं क्राउन व्हील बाहेर काढावं लागत नाही. झाकण काढा, तिथल्या तिथे काम होतं.

गाडीखाली जाण्याआधी

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. गाडी दणकट स्टँडवर बसवल्याशिवाय, सपाट पक्क्या जमिनीवर, हलवून बघितल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही. विटा रचून त्यावर गाडी ठेवलेली तुम्ही पाहिली असेल. वीट ही दाबाखाली आधी काहीच न सांगता फुटते.

दुसरी गोष्ट ब्रेकच्या धुळीची. दांडे काढायला मागचे ड्रम उघडावे लागतात. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असायचं. ब्रिटनमध्ये ब्रेकसाठी त्यावर १९९९ मध्ये बंदी आली, पण वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत जुनेच लायनर असू शकतात. त्यामुळे ड्रममधली धूळ फुंकायची नाही, हवेच्या नळीने उडवायची तर मुळीच नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बंद करून टाका. घरातली लहान मुलं ‘मदत’ करायला उत्सुक असतात, त्यांना या टप्प्यावर लांब ठेवा.

आणि हो, पाने इंची लागतील. आपल्याकडच्या पेटीतले १२, १३, १४ नंबरचे मिलिमीटर पाने जवळपास बसतात. ‘जवळपास’ बसणाऱ्या पान्यानेच बोल्टची डोकी गोल होतात.

उघडल्यावर

तेल काढण्याआधी तेल भरायचा बूच सैल होतो का ते बघा. खालचा बूच आधी काढला, तेल सगळं सांडलं आणि वरचा गंजून बसलाय हे नंतर कळलं, तर गाडी जागची हलणार नाही.

निघालेल्या तेलाकडे नीट बघा, तेच तुमचा रक्ताचा रिपोर्ट आहे. बोटांत घासल्यावर राखाडी मऊ चिखल लागला तर इतक्या वर्षांचं ते साहजिक आहे. तांबूस चकाकी दिसली तर वॉशर झिजले आहेत. कडक, टोकदार कपचे निघाले तर गोष्ट वेगळी. दात्याचा तुकडा क्राउन आणि पिनियनच्या मध्ये सापडला तर मागचा अॅक्सल चालत्या गाडीत जाम होऊ शकतो. अशा वेळी वॉशरचा विचार सोडा आणि सगळं खोलायची तयारी करा.

आता दोन्ही बाजूंचे दांडे थोडे बाहेर ओढायचे. चाक, ड्रम, मग हबचा मोठा नट. हा नट सुमारे २०० न्यूटन-मीटर इतका आवळलेला असतो, म्हणजे एक मीटर लांब नळी पान्याला लावून वीस किलोची तांदळाची गोणी टोकाला टांगावी तेवढा. तो सोडवण्याचं काम गाडी जमिनीवर असतानाच सुरू करावं, स्टँडवर असताना त्याच्यावर लटकू नये. हब आणि बेअरिंगवरचं झाकण निघालं की दांडा सरकत्या वजनाच्या हातोडीने, ज्याला स्लाइड हॅमर म्हणतात, बाहेर खेचायचा. तो पूर्ण काढायची गरज नाही, मोठ्या गिअरमधून सुटला की पुरे. पण इतकं उघडलंच आहे तर ऑइल सील नवीन टाका. सीलमधून तेल गळून ब्रेकच्या लायनरवर जाणं हा या गाड्यांचा जुना आजार आहे.

मागचं झाकण काढलं की क्राउन व्हील दिसतं आणि त्याच्या पोटातला पिंजरा. जाड पिन एका लहान पोकळ खिळीने अडवलेली असते. ती खिळी बारीक पंचने ठोकून बाहेर काढायची, मग जाड पिन सरकवायची. पिन निघाली की लहान गिअर हाताने गोल फिरवत खिडकीपाशी आणायचे. दोन्ही एकदमच येतात. त्यांच्या मागोमाग मोठे गिअर आणि चारही वॉशर, किंवा वॉशरचं जे काही उरलं असेल ते.

पिनेवर नख फिरवा. लहान गिअर जिथे बसतात तिथे पायरी लागली तर फक्त वॉशर बदलून पैसे वाचवू नका. झिजलेल्या पिनेवर नवा वॉशर टाकला तर आवाज काही महिन्यांत परत येतो आणि तुम्ही हे सगळं पुन्हा करता. गिअरच्या दात्यांवर खड्डे पडलेत का तेही इथेच, उजेडात बघून घ्या.

बसवताना नव्या वॉशरला ग्रीस लावून ते गिअरच्या पाठीला चिकटवायचे, म्हणजे फिरवताना घसरत नाहीत. आधी मोठे गिअर आणि मग लहान दोन्ही, बरोब्बर समोरासमोर. इथे घाम फुटतो. एक गिअर एका दात्याने पुढे गेला तरी पिनेची भोकं जुळत नाहीत. बाहेर काढा, पुन्हा फिरवा. जुळली की पिन हाताने आत जाते. हातोडी लागतेय असं वाटलं तर काहीतरी चुकलंय.

सगळ्यात शेवटी ती छोटी पोकळ खिळी. ती नवीनच घाला. गाडीच्या किमतीच्या मानाने तिची किंमत शून्य. पण ती सैल होऊन निसटली तर जाड पिन पिंजऱ्याबाहेर सरकते, फिरता फिरता पिनियनवर आदळते, आणि मग अॅक्सलचं घर फुटतं.

या नटाला हात लावू नका

आता ते थांबण्याबद्दल. झाकण उघडलंय, हाताशी पाने आहेत, तर ‘पिनियनचं सील पण बदलून टाकू’ असा मोह होतो. पुढच्या बाजूने थोडं तेल गळत असेल तर फारच.

पिनियनच्या नटामागे, दोन बेअरिंगच्या मध्ये, एक दबणारी नळी असते. नट आवळताना ती ठरावीक प्रमाणात चेपली जाते आणि बेअरिंगवर नेमका दाब ठेवते. नट सोडून, सील बदलून, पुन्हा ‘घट्ट’ आवळला तर नळी आणखी चेपते, बेअरिंगवर गरजेपेक्षा जास्त दाब येतो, ती तापतात आणि मरतात. ज्या गाडीला फक्त ‘खट्ट’ होती तिला आता घरघर लागते. सील बदलायचंच असेल तर नट आणि दांडा यांच्यावर आधी खूण करून, वळणं मोजून, बरोबर त्याच जागी आणावं लागतं.

क्राउन व्हील बाजूला काढणं तर घरच्या घरी करायचं कामच नाही. ट्यूब अॅक्सलचं घर एका खास साधनाने अगदी किंचित ताणून रुंद करावं लागतं, तेव्हा पिंजरा बाहेर येतो. जास्त ताणलं तर घर कायमचं वाकडं होतं. परत बसवताना दात्यांमधली मोकळीक एक-दोन केसांच्या जाडीइतकी ठेवायची असते. दात्यांना रंग लावून, फिरवून, ठसा कुठे उमटतो ते बघत, पातळ पत्र्याच्या चकत्या घालत-काढत हे जमवतात. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच तयार केलेले असतात. एकाच गाडीचा एक आणि दुसऱ्या गाडीचा दुसरा, असा संसार टिकत नाही. ज्यांचा रोजचा धंदा हाच आहे त्यांच्याकडे अॅक्सल सोपवावा, आणि त्याचे पैसे विनातक्रार द्यावेत.

थोडी ‘खट्ट’ तुमच्या कामानंतरही राहील. क्राउन-पिनियनमधली मोकळीक, खाचांमधली थोडी झीज, सगळी मिळून एक बारीक टिचकी उरतेच. ती पूर्ण घालवायच्या नादात चांगलं चाललेलं क्राउन-पिनियन उघडणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. मूळ जोडी शांतपणे चालत असेल तर ती नव्या जोडीपेक्षा मोलाची आहे.

कोणतं तेल कुठे

या गिअरचे दाते फक्त एकमेकांवर लोळत नाहीत, घसरतातही. पिनियन क्राउनच्या मध्यबिंदूपेक्षा खाली बसवलेला असतो, त्याला हायपॉइड जुळणी म्हणतात. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली येतो आणि बसायची जागा खाली नेता येते. स्पोर्ट्स कारला हेच हवं असतं. पण या घसरण्यामुळे दात्यांच्या मध्ये इतका दाब येतो की साधं तेल पिळून बाहेर फेकलं जातं. म्हणून गंधकाची संयुगं घातलेलं ‘ईपी ९०’ हायपॉइड तेल लागतं. त्याचा वास कपड्यांना लागला तर घरात शिरायच्या आधी बोलणी खायची तयारी ठेवा.

गंमत अशी की एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये मात्र इंजिनाचंच तेल घालतात. ‘गिअर म्हणजे गिअर ऑइल’ असं समजून तिथेही ईपी ९० ओतणारे खूप असतात, आणि अॅक्सलमध्ये इंजिन ऑइल घालणारेही. ट्यूब अॅक्सलला लागतं एक लिटरपेक्षाही कमी. गाडी सपाट उभी करून, भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत.

अॅक्सलच्या नळीवर हवा जाण्यासाठी एक छोटं भोकाचं बटण असतं, त्याकडे कोणी बघत नाही. ते चिखलाने बुजलं की तेल तापल्यावर आतली हवा फुगते आणि सीलमधून तेल बाहेर ढकलते. गळतंय म्हणून दोनदा सील बदलून झाल्यावर हे बटण साफ करण्यापेक्षा आधीच एक तार फिरवा.

आपल्याकडे याचं काय नातं?

एमजीबी भारतात बनली नाही, पण तिचे नातेवाईक बनले. अॅम्बेसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती, आणि तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन एमजीबीच्या इंजिनाच्याच ‘बी सिरीज’ घराण्यातलं. चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, १९६१ पासून बनलेली स्टँडर्ड हेराल्ड ही ट्रायम्फ हेराल्ड, आणि तिचीच चॅसी आखूड करून ब्रिटनमध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार तयार झाली. तेव्हा तुमच्या कॉलनीत कोणा काकांची कव्हरखाली झाकलेली हेराल्ड असेल आणि तिच्या पाठीमागून ‘खट्ट’ ऐकू येत असेल, तर वरची तपासणी तिलाही लागू आहे. तिची मागची रचना वेगळी आहे, डिफरन्शियल चॅसीला बांधलेलं असतं, पण क्रॉस, वॉशर आणि तेलाची कहाणी तीच.

२०२१ पासून आपल्याकडे ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांची ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करता येते, त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. पण अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. आणि चॅसी, बॉडी, इंजिन मुळासारखं असायला हवं, हीसुद्धा अट आहे.

ब्रिटनमध्ये उलटी परिस्थिती आहे. ४० वर्षांपेक्षा जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाडीला २०१८ पासून दरवर्षीची सक्तीची तपासणीच लागत नाही. शेवटची एमजीबी १९८० ची, म्हणजे आता सगळ्याच त्या वयाच्या पुढे गेल्या. पूर्वी वर्षातून एकदा तरी कोणी परका माणूस गाडीखाली डोकावून गळणारं सील, संपलेला क्रॉस, ढिला यू-बोल्ट बघायचा. आता मालकाने स्वतः बघितलं नाही तर कोणीच बघत नाही. तपासणी ऐच्छिक म्हणून करून घेता येते आणि जाणकार मालक ती करूनही घेतात.

काम संपल्यावर चार-पाचशे किलोमीटर आरामात चालवा, मग गाडी पुन्हा सपाट उभी करून तेलाची पातळी बघा, झाकणाच्या बोल्टवर एकदा पाना फिरवा आणि हबचे नट तपासा. जुनं तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. डब्यात भरून जवळच्या गॅरेजला द्या, ते पुढे वापरलेलं तेल घेणाऱ्याकडे जातं. आणि जुने वॉशर फेकण्याआधी नव्या जोडीच्या शेजारी ठेवून एक फोटो काढून ठेवा. तारीख आणि किलोमीटर त्यावरच लिहा, पुढच्या वेळी जो झाकण उघडेल त्याला झीज किती वेगाने होतेय ते कळेल.